तिसऱ्या भोकामागची तार

प्रति,
माननीय विद्युत निरीक्षक साहेब,
कुलाबा जिल्हा विभाग,
मुक्काम अलिबाग.

अर्जदार : कोंडाजी भागोजी उतेकर, वय वर्षे ५१, धंदा शेती, पूर्वी मालवाहू बोटीवर विजेचा कारागीर, राहणार मधली वाडी, वरंध, तालुका महाड.

विषय : महाड येथील महिला शिवणवर्गातील तीन भोकांच्या सॉकेटाची चौकशी होणेबाबत, आणि अर्जदाराची मुलगी मैना हिच्या नावापुढे सरकारी कागदात लिहिला गेलेला 'फेफरे' हा शब्द खोडला जाणेबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. २२ जुलै १९६३. (२) वीज कंपनीची अर्जदारास नोटीस, दि. २ सप्टेंबर १९६३. (३) आपले पत्र, दि. १६ सप्टेंबर १९६३.

महोदय,

आपल्या पत्रात 'झालेली हकिकत क्रमवार लिहावी, कोण काय बोलले तेही लिहावे' असा हुकूम आहे. त्याप्रमाणे लिहिले आहे. जो जसा बोलला तसे त्याचे बोलणे ठेवले आहे. त्यात कोणाचा अपमान वाटल्यास तो बोलणाऱ्याने केलेला आहे, लिहिणाऱ्याने नाही.

१. अर्जदार बावीस वर्षे बोटीवर होता. इंजिनखोलीत तेल पुसण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची अकरा वर्षे विजेचे काम केले. वीज कंपनीचे ओव्हरसियर साहेब अर्जदारास सर्वांसमक्ष 'बोटीवर दिवे पुसणारा' म्हणाले, म्हणून हे आधी लिहावे लागते. अर्जदार सन १९५८ साली बोट सोडून गावी आला. वरंधला अजून वीज आलेली नाही. तेव्हा अर्जदाराची विद्या पाच वर्षे पेटीत पडून होती आणि अर्जदार भात लावत होता. त्याबद्दल तक्रार नाही.

२. मैना ही अर्जदाराची एकुलती मुलगी, वय एकोणीस. तिचे लग्न पोलादपूरकडील सोनबा सकपाळ यांचा मुलगा मुरारी याच्याशी ठरले होते. मुरारी मुंबईस गिरणीत कामाला आहे. कुंकू लावून झाले होते, येत्या माघात लग्न व्हायचे होते. मुंबईस एका खोलीत संसार करायचा तर हातात काही कसब असावे, म्हणून मैना महाडास मावशीकडे राहून शिवणवर्गात जात होती. वर्गात नऊ मुली व बाया. शिकवणाऱ्या तुळसाबाई मांजरेकर या विधवा असून वर्गाच्या पगारावर त्यांचे घर चालते.

३. वर्गाच्या खोलीत गेल्या वर्षी रावजी धोंडू तळेकर या ठेकेदाराने विजेची जोडणी केली. दोन दिवे आणि इस्त्रीसाठी एक तीन भोकांचे सॉकेट. इस्त्रीही त्यांच्याच दुकानातली. काम पुरे झाल्यावर ओव्हरसियर साहेबांनी 'तपासले, बरोबर आहे' म्हणून सही केली. खोलीची जमीन सारवलेली आहे. पावसाळ्यात तिला ओल येते आणि बाया अर्थातच अनवाणी बसतात. हे सही करणाऱ्याला दिसण्यासारखे होते.

४. दि. ९ जुलै, मंगळवार, दुपारचे चार. मैना एका परकराला इस्त्री करत होती. काम संपल्यावर तिने बटण बंद केले. इस्त्री गुंडाळून ठेवण्यापूर्वी बटण बंद करायचे, असा तुळसाबाईंचा दंडक आहे. बटणाचा टक् आवाज शेजारी काजे करत बसलेल्या दोघींनी ऐकला. मग तिने इस्त्री उचलली. मुठीचे लाकूड फुटून आतला लोखंडी कणा उघडा पडला होता. ही मूठ बदलून द्या म्हणून तुळसाबाईंनी तळेकरांना महिनाभर आधी दोनदा निरोप दिला होता. मैनाचा तळवा त्या कण्याला लागला आणि तिथेच आवळला गेला. तिला ओरडताही येईना. दातखीळ बसली, डोळे वर गेले, ती कुशीवर पडली, तरी इस्त्री हातातून सुटली नाही. बाया 'भूत लागलं, भूत लागलं' म्हणत दारात धावल्या. तुळसाबाईंनी मात्र कापड मोजायचा लाकडी गज उचलून त्याने इस्त्रीच्या तारेची दोरी ओढली. प्लग भिंतीतून निघाला आणि मैनाचा हात सुटला.

५. मुलगी वाचली, ही देवाची कृपा आणि तुळसाबाईंची हुशारी. उजव्या तळव्यावर कण्याएवढी खोल जखम झाली. अंगठ्याशेजारची दोन बोटे आजही सरळ होत नाहीत. शिवणकाम शिकायला गेलेल्या मुलीच्या हातात आज सुई धरवत नाही.

६. दुसऱ्या दिवशी तळेकर वर्गात आले आणि न मागता नवी इस्त्री ठेवून जुनी घेऊन गेले. महिनाभर मूठ बदलायला ज्यांना सवड नव्हती, त्यांना एका रात्रीत अख्खी इस्त्री बदलायची सवड कशी झाली, हे त्यांना विचारावे. दि. १३ जुलै रोजी ओव्हरसियर साहेब तळेकरांसह चौकशीस आले. त्यांनी बायांना एकच प्रश्न विचारला, 'बटण चालू होतं की बंद?' सगळ्या म्हणाल्या, 'बंद होतं.' त्यावर तळेकर म्हणाले, 'साहेब, नऊ बायका एका तोंडाने सांगतायत, बटण बंद होतं. बंद बटणातून वीज येते का कुठे? मुलीला फेफरं असणार. खेड्यातले लोक लग्नाच्या मुलीचं असलं काही सांगत नाहीत.'

ओव्हरसियर साहेबांनी तेच लिहिले. मुलीचा हात पाहिला नाही. मुलगी तेव्हा त्याच गल्लीत, वीस पावलांवर, मावशीच्या घरी पडून होती. अहवालातील ओळी अशा : 'बटण बंद असल्याबाबत सर्व साक्षीदारांचे एकमत आहे. बटण बंद असता इस्त्रीत वीज असणे संभवत नाही. सबब सदर मुलीस फेफरे येऊन तिचा हात गरम इस्त्रीवर पडला असावा. जोडणीत दोष नाही.'

महोदय, मुलीने खरे केले म्हणून ती खोटी ठरली. ती बटण बंद करायचे विसरली असती तर आज तिच्यावर हे बालंट आले नसते.

७. अहवालाची नक्कल शिवणवर्गाच्या चिटणिसांकडे गेली. तिथून ती गोष्ट महाडच्या बाजारात आणि बाजारातून वरच्या गावांत गेली. अर्जदार मुलीला घेऊन एस.टी.ने वरंधास उतरला, तर उतरणाऱ्या बाया तिच्यापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. चारच दिवसांनी सोनबा सकपाळ आले. बैठकीवर बसले, पण चहा घेतला नाही. म्हणाले, 'कोंडाजीराव, माणूस तुम्ही वाईट नाय. पण ही गोष्ट आधी सांगायला होवी होती.'

अर्जदार म्हणाला, 'सांगायला असती तर सांगितली असती. पोरीला इजेचा धक्का बसलाय.'

'कागद वेगळं बोलतो,' सोनबा म्हणाले. 'सरकारी सही हाय त्यावर. उद्या माझ्या पोराच्या घरात पोर झालं नि त्याला झटका आला, तर लोक मलाच इचारतील ना?'

अर्जदाराची बायको रंगूबाई आतून बाहेर आली. ती कधी पाहुण्यांसमोर बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, 'एकोणीस वर्षं मी तिच्याशेजारी निजले. मला नाय दिसलं फेफरं, नि टेबलाशी बसलेल्या सायबाला दिसलं?' सोनबा खाली मान घालून उठले. कुंकवाची साडी त्यांनी परत मागितली नाही, पण पायरी उतरताना 'बघू' म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते आपणास ठाऊक असेल.

८. त्यानंतर अर्जदाराने दि. २२ जुलै रोजी आपल्याकडे पहिला अर्ज केला, आणि स्वतः महाडास जाऊन तळेकरांच्या दुकानात उभा राहिला. सॉकेट उघडून दाखवा, एवढेच म्हटले. तळेकर म्हणाले, 'विलायतेहून आलात म्हणून आमचं काम तपासणार का?' अर्जदाराने सांगितले की, विलायत पाहिली आहे म्हणूनच तपासणार. दुकानात गिऱ्हाईक होते. तळेकर हसून त्यांना म्हणाले, 'ऐका, आता वरंधचे साहेब आपल्याला लंडनची भोकं शिकवणार.'

तेव्हा जे तळेकरांनी ऐकून घेतले नाही ते आपण वाचावे.

९. लढाईनंतर लंडनच्या गोदीत नवे प्लग आले. त्यांना तीन चपट्या पिना. वरची पीन लांब. ती आधी आत शिरते आणि तिच्या रेट्याने आतली झडप उघडते, तेव्हाच खालच्या दोन भोकांत वाट होते. पोराने खिळा खुपसायचा म्हटला तरी झडप उघडत नाही. शिवाय प्लगच्या पोटातच फ्यूज असतो. हॅम्बुर्गला सॉकेट वाटीसारखे खोल असते. पिना विजेला लागेपर्यंत प्लग वाटीत बुडालेला असतो, म्हणजे बोट पोचतच नाही. जमिनीची तार वाटीच्या कडेच्या दोन पट्ट्यांना असते. त्या प्लगात खोड एकच, तो उलटाही बसतो, त्यामुळे कोणती पीन कोणत्या तारेवर गेली ते कळत नाही. न्यूयॉर्कला दोन चपट्या पिना. अर्धवट निघालेल्या प्लगाच्या पिना उघड्या राहतात आणि बोट लागू शकते. पण तिथल्या घरातल्या विजेचा जोर आपल्या निम्मा, म्हणून त्यांचे निभावते. आपल्या जोराला ते परवडणार नाही.

आपल्याकडच्या तीन गोल पिनांच्या प्लगाला अर्जदार नावे ठेवत नाही. वरची पीन जाड आणि लांब, म्हणजे ती चुकीच्या भोकात जात नाही आणि सर्वांत आधी टेकते. झडप नाही, फ्यूज नाही, हे उणे आहे. पण वरच्या भोकामागची तार जमिनीत नीट पुरलेली असली तर इस्त्रीच्या पत्र्यात उतरलेली वीज माणसाला सोडून त्या तारेने जाते आणि मुख्य बटणाजवळचा फ्यूज उडतो. दोन पिनांच्या प्लगाला ही सोय नाही. म्हणून इस्त्रीला तीन पिना लावतात. तिसरे भोक शोभेसाठी नसते.

१०. दुसरी गोष्ट बटणाची. शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. पाटाचे पाणी वरच्या तोंडाला अडवले तर खालचे खाचर कोरडे राहते. खालच्या तोंडाला अडवले तर पाणी वाहायचे थांबते, पण खाचर भरलेले राहते. बटण हे अडवण आहे. ते येणाऱ्या तारेवर असले पाहिजे. परतीच्या तारेवर बसवले तरी दिवा विझतो, इस्त्री गार होते, पाहणाऱ्याला वाटते वीज बंद झाली. पण भोक आणि इस्त्री विजेने भरलेली राहते. इस्त्रीतली तार झिजून कण्याला टेकली असणार; जुनी इस्त्री तळेकरांनी नेली, म्हणून ते दाखवता येत नाही. मैना ओल्या जमिनीवर अनवाणी बसली होती. त्या भरलेल्या खाचराला तिच्या अंगातून वाट मिळाली.

११. तुळसाबाई चौकशीच्या दिवशी फुटक्या मुठीविषयी काही बोलल्या नाहीत, यावरून अर्जदाराच्या मनात त्यांच्याविषयी राग होता. तो अर्जदाराने त्यांना बोलूनही दाखवला. त्या म्हणाल्या, 'मला त्यांनी बटणाचं विचारलं, मी बटणाचं सांगितलं. मुठीचं सांगायला लागले, तर साहेब म्हणाले, विचारलं तेवढं बोला.' मग म्हणाल्या, 'वर्ग मंगळवारी तीनला भरतो. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. तुम्ही या.'

१२. दि. २० ऑगस्ट, मंगळवार, दुपारी तीन वाजता अर्जदार शिवणवर्गात गेला. चोरून गेला नाही. तळेकर, ओव्हरसियर साहेब आणि सोनबा सकपाळ या तिघांना आदल्या आठवड्यात पोस्टाने पत्रे टाकली होती. तिघेही आले. अर्जदाराने पंचवीसचा एक दिवा, त्याला दोन तारा, एवढेच नेले होते. अंगणात ओल्या मातीत लोखंडी पहार ठोकली आणि तिला एक लांब तार बांधून खोलीत आणली. बटण बंद केले. तळेकरांनाच म्हटले, 'शेठ, बंद आहे का बघा.' त्यांनी पाहिले. म्हणाले, 'बंद आहे.'

मग दिव्याची एक तार पहारीच्या तारेला लावली आणि दुसरी उजव्या भोकात घातली. दिवा लागला.

अर्जदाराने दिव्याची पहिली तार पहारीच्या तारेपासून सोडवली आणि तीच वरच्या भोकात, म्हणजे जिथून जमिनीची तार निघायला हवी तिथे, घातली. दुसरी पुन्हा उजव्या भोकात. दिवा लागला नाही. तीनदा करून दाखवले. तीनदाही लागला नाही.

ओव्हरसियर साहेब म्हणाले, 'हे बेकायदेशीर आहे. तुम्हाला परवाना आहे का?'

अर्जदार म्हणाला, 'परवाना ज्यांना आहे त्यांनी केलेलं हे काम आहे.'

१३. यानंतर जे घडले त्यात अर्जदाराची चूक आहे आणि ती तो लपवत नाही. मुख्य बटण खाली करून अर्जदाराने सॉकेटचे दोन स्क्रू काढले आणि सॉकेट भिंतीतून ओढले. खालच्या दोन भोकांना दोन तारा. वरच्या भोकाचा पितळी स्क्रू कोरा, नव्या नाण्यासारखा; त्याला कधी तार लागलेलीच नव्हती. भिंतीत तिसरी तार नव्हतीच. तळेकरांनी सॉकेट हिसकायला हात घातला. अर्जदाराने त्यांचा हात पिरगळला आणि दोन्ही तारा कापून सॉकेट कोटाच्या खिशात घातले. तळेकर ओरडले, 'चोर आहे, धरा.' कोणी धरले नाही. अर्जदाराने कापलेल्या तारांची टोके कापडी पट्टी गुंडाळून बंद केली, भिंतीतल्या सॉकेटच्या रिकाम्या पेटीवर 'वापरू नये' असे खडूने लिहिले आणि मग बाहेर पडला.

सोनबा बाहेर अंगणात थांबले होते. अर्जदाराला वाटले, आता तरी ते काही बोलतील. ते म्हणाले, 'दिवा लागला, मी बघितला. खोटं कशाला बोलू? पण मी चार गावांत दिवा घेऊन फिरू काय? तिथं कागदच इचारतात.'

१४. दि. २२ ऑगस्टला तळेकरांनी अर्जदाराविरुद्ध चोरीची फिर्याद दिली. दि. २ सप्टेंबरला वीज कंपनीची नोटीस आली की, अर्जदाराने विनापरवाना जोडणीत ढवळाढवळ केली, सबब कारवाई का करू नये. दरम्यान शिवणवर्गात रातोरात नवे सॉकेट बसले. त्याला म्हणे तीन तारा आहेत. मग आधीच्यात दोष नव्हता, तर नव्याला तिसरी तार कशासाठी लावली, एवढे ओव्हरसियर साहेबांना विचारण्याची तसदी आपण घ्यावी.

१५. अर्जदाराने फिर्यादीची नक्कल काढली. ती आपण स्वतः वाचावी. चोरीस गेलेल्या मालाच्या वर्णनात तळेकरांनी आपल्या हस्ताक्षरात लिहिले आहे : 'तीन भोकांचे सॉकेट नग एक, भिंतीतील तारांसह, तारा दोन.'

अर्जदाराने हे वाक्य पोलीस चौकीच्या बाकावर बसून चारदा वाचले. दोन महिने जे अर्जदार सांगत होता आणि कोणी कागदावर घेत नव्हते, ते ठेकेदाराने आपणहून लिहून खाली सही केली आहे. तीन भोके. तारा दोन. चोराला पकडण्याच्या घाईत त्यांनी आपल्या मालाचे खरे वर्णन दिले.

१६. आता मुरारीविषयी. तो गणपतीला मुंबईहून आला तेव्हा बापाला न सांगता वरंधास आला. पोरगा वाईट नाही. ओटीवर बसून म्हणाला, 'मामा, मी दादांना समजावीन. तुमचा अर्ज चाललाय ना? कागद सुधारून आला की दादा आपोआप हो बोलतील. तवर थांबूया.'

अर्जदाराला ते बरे वाटले, हे खोटे का सांगावे. पण मैना दारामागे उभी होती, ती पुढे आली. डाव्या हाताने दार धरून म्हणाली, 'आणि नाय सुधारला तर?'

मुरारी म्हणाला, 'सुधारंल गो.'

'माझा हात बघितलास का?'

त्याने हात पाहिला नव्हता. तिने पुढे केला. त्याने पाहिला, पण हातात घेतला नाही.

मैना म्हणाली, 'मी तुझ्याशी खोटं बोलले असं तुला वाटत असेल तर तसं सांग. वाटत नसेल तर कागदाची वाट कशाला बघतोस? कागद बघून येनार असशील तर येऊ नको.'

मुरारी उठून गेला. पाठीमागे वळून पाहिले नाही. रंगूबाईने दोन दिवस अन्न टाकले. अर्जदारही मुलीला नको ते बोलला, की तोंडाशी आलेले नशीब तू लाथाडलेस. मुलगी म्हणाली, 'बाबा, लगीन मोडलं त्याचं माझं मी बघीन. पण मला फेफरं नाय. तेवढं खोडून आणा. ते माझ्यासाठी नको, तुमच्या डोळ्यांदेखत दिवा लागला म्हणून खोडून आणा.'

महोदय, हे घरचे बोलणे अर्जात लिहिण्याचे कारण एवढेच की, वीज कंपनीच्या नोटिशीत 'अर्जदार मुलीचे मोडलेले लग्न जुळवण्यासाठी बनाव करीत आहे' असे एक वाक्य आहे. ते लग्न आता जुळवायचे नाही. मुलीने स्वतः सोडले आहे. तेव्हा तो हेतू अर्जदारावर लादता येणार नाही. आता उरली आहे ती फक्त खरी गोष्ट.

१७. आणि अशी सॉकेटे एका शिवणवर्गातच आहेत असे समजू नये. तळेकरांनी गेल्या दोन वर्षांत महाड पेठेत एकवीस ठिकाणी आणि पोलादपुरात एका पिठाच्या गिरणीत जोडणी केली आहे. अर्जदाराने रस्त्यावरून यादी केली. आत जाऊ दिले नाही. त्या गिरणीत दळण घेऊन बाया ओल्या पायांनी येतात. तिथल्या तिसऱ्या भोकामागे काय आहे, ते कोणालाच ठाऊक नाही. ठेकेदाराला असेल.

१८. काल दि. ६ ऑक्टोबर रोजी तुळसाबाई एस.टी.ने वरंधास आल्या. त्यांना वर्गावरून कमी केल्याची चिठ्ठी मिळाली आहे. कारण लिहिले आहे, 'परक्या इसमास खोलीत घेतले.' त्या रडत नव्हत्या. पदराच्या टोकात बांधून आणलेला कागद त्यांनी अर्जदाराच्या पुढे ठेवला. फुटक्या मुठीबद्दल कोणत्या दिवशी कोणाबरोबर निरोप पाठवला, मैनाने बटण कसे बंद केले, गजाने दोरी कशी ओढली, हे सर्व त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही केली आहे. म्हणाल्या, 'आता मला कोण काय करणार? विचारलं नाही तेही लिहिलंय.'

अर्जदाराने त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकली आणि मैनाचा हात मांडीवर घेऊन तिची दोन बोटे कितपत वळतात ते पाहत बसल्या. जाताना म्हणाल्या की, कैची डाव्या हाताचीही मिळते, मुंबईस चौकशी करावी लागेल.

१९. सबब अर्जदाराची विनंती अशी :

ओव्हरसियर साहेबांच्या दि. १३ जुलैच्या अहवालातील 'फेफरे' हा शब्द खोडावा आणि त्याजागी 'विजेचा धक्का' असे लिहून आपली सही करावी. नुसता नवा कागद देऊ नये. जुन्यावरच खोडावे, म्हणजे काय खोडले ते दिसेल.

तळेकरांनी बसविलेली सर्व सॉकेटे आपण स्वतः किंवा आपल्या विश्वासाच्या माणसाकडून उघडून पाहावीत. ओव्हरसियर साहेबांकडून पाहू नयेत. त्यांनी एकदा पाहिली आहेत.

सॉकेट काढून नेल्याबद्दल अर्जदारास जी शिक्षा कायद्यात असेल ती द्यावी. अर्जदार ती कमी करून मागत नाही. मात्र शिक्षेच्या हुकुमात चोरलेल्या वस्तूचे वर्णन फिर्यादीत आहे तसेच, एक अक्षर न गाळता, उतरावे. तो हुकूम अर्जदार पोलादपुरापर्यंत स्वतः वाचून दाखवील.

वरील मजकूर अर्जदाराच्या माहितीप्रमाणे खरा आहे. यात काही खोटे आढळल्यास अर्जदाराला बोलवावे; तो एस.टी.ने येईल, आणि दिवा व दोन तारा सोबत आणील.

आपल्या निकालाची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार,
(सही) कोंडाजी भागोजी उतेकर
वरंध, दि. ७ ऑक्टोबर १९६३

सोबत :
१. ओव्हरसियर साहेबांच्या अहवालाची नक्कल.
२. तळेकर यांच्या फिर्यादीची नक्कल. 'तारा दोन' या शब्दांखाली अर्जदाराने रेघ मारली आहे.
३. श्रीमती तुळसाबाई मांजरेकर यांचा सहीचा जबाब.
४. लंडन, हॅम्बुर्ग व न्यूयॉर्क येथील प्लगांची आणि आपल्याकडील तीन पिनांच्या प्लगाची अर्जदाराने काढलेली चित्रे.
५. तळेकरांच्या बावीस जोडण्यांची यादी.
६. सॉकेट सोबत जोडलेले नाही. ते पोस्टाने किंवा वीज कंपनीमार्फत पाठवले जाणार नाही. आपण मागाल त्या दिवशी अर्जदार ते आपल्या टेबलावर आणून ठेवील.
७. कुमारी मैना कोंडाजी उतेकर हिची सही, हकिकत खरी असल्याबद्दल. अक्षर वाकडे आहे. सही डाव्या हाताने केलेली आहे.